मदत हवी आहे: अमेरिकेत पोस्टाने येणारी जाहिरातींची रद्दी कशी थांबवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. पोस्टाच्या पेटीत कामाचं पत्र क्वचितच येतं. बाकी सगळी क्रेडिट कार्डांची आमंत्रणं, पिझ्झाची कुपनं, छत दुरुस्त करणाऱ्यांची चकचकीत कार्डं. झाड तोडायचं, लगदा करायचा, रंगीत छापून ट्रकने दारात आणायचं आणि आम्ही न वाचता फेकायचं! फार जिवावर येतं हो.

सगळ्यात जास्त राग क्रेडिट कार्डांच्या पत्रांचा. त्यांवर नाव-पत्ता असतो, तशीच टाकायची भीती वाटते, म्हणून श्रेडरमध्ये घालतो. पण आमच्या गावात रिसायकलिंगला श्रेड केलेला कागद घेत नाहीत, बारीक पट्ट्या वर्गीकरणाच्या यंत्रातून गळून जातात. म्हणजे जो कागद पुन्हा वापरता आला असता, तोही कचऱ्यात. काहींत प्लास्टिकचं नकली कार्ड चिकटवलेलं असतं, ते आधी सोलून काढायचं.

क्रेडिट कार्डांची अशी न मागवलेली पत्रं थांबवणाऱ्या 'ऑप्टआउटप्रीस्क्रीन' या वेबसाइटवर नाव नोंदवलं आहे. ज्यांनी केलं नसेल त्यांनी जरूर करा, फुकट आहे. ऑनलाइन केलं तर पाच वर्षं चालतं, कायमचं हवं असेल तर सही केलेला फॉर्म पोस्टाने पाठवावा लागतो. त्याने फरक पडला. 'रिटर्न टू सेंडर' लिहून परत टाकण्यात मात्र अर्थ नाही. सवलतीच्या दराने पाठवलेली जाहिरात, पाठवणाऱ्याने तशी सोय घेतली नसेल तर, पोस्ट परत नेतच नाही.

आता अडलंय ते पोस्टाच्या 'एव्हरी डोअर डायरेक्ट मेल' या घरोघरी जाहिराती वाटण्याच्या सेवेवर. त्यावर नाव नसतं, नुसतं 'पोस्टल कस्टमर'. पोस्टमनच्या वाटेवरच्या प्रत्येक घरात एकेक. यादीच नाही, तर नाव काढायला सांगायचं कोणाला?

एखाद्या कंपनीने आपल्याला पुन्हा जाहिराती पाठवू नयेत असा आदेश मिळवायला पोस्टाचा फॉर्म १५०० आहे, असं वाचलं. तो खरं तर अश्लील जाहिरातींसाठी, पण अश्लील काय हे ज्याच्या घरी ती आली त्यानेच ठरवायचं. सुप्रीम कोर्टाने १९७० साली रोवन खटल्यात हे उचलून धरलं. कुपनांसाठी कोणी हा फॉर्म भरला आहे का? बिननावाच्या टपालाला तो लागू होतो का?

आम्सटरडॅममध्ये २०१८ पासून पेटीवर 'हो' असं स्टिकर असेल तरच बिनपत्त्याची जाहिरात टाकता येते. इथे पोस्ट केंद्र सरकारचं, त्यामुळे गावाला तसा नियम करता येईल असं वाटत नाही. निदान थेट दुकानदाराला फोन करून आपलं घर वगळून घेता येतं का? कोणाला जमलं असेल तर नेमकं काय बोललात ते कृपया लिहा.