रिपोर्ट नॉर्मल आला, मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची का?

महालकर
बाबा ६३ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ निघालं, तेव्हापासून ॲटोरव्हास्टॅटिन १० ही स्टॅटिन गटातली गोळी सुरू होती. गेल्या महिन्यात ९७ आलं आणि बाबांनी गोळ्या थांबवल्या. पट्टी देवघराच्या फळीवर ठेवली आहे, सहा गोळ्या शिल्लक. म्हणतात, "आता बरा झालो न, जन्मभर कशाला खाऊ?" माझं मत ठाम आहे: गोळी चालू होती म्हणून ९७ आलं. कोणाला वेगळं वाटतं का?

सक्करदरावाला
मला वाटतं. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नाही. पेशींचं आवरण, पित्त, हार्मोन्स सगळ्याला ते लागतं, आणि बरंचसं आपलं यकृतच बनवतं. अमेरिकेने २०१५ च्या आहारसूचनांत रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादाच काढून टाकली. इतकी वर्षं अंड्यातलं पिवळं फेकलं ते कशासाठी? आणि माझ्या आईचं सांगतो. स्टॅटिन सुरू झालं तसे पिंढऱ्यांत गोळे यायला लागले, कठड्याला धरून एकेक पायरी चढायची. गोळी सोडल्यावर पंधरा दिवसांत सुटली त्यातून. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धंतोलीची ताई
दादा, आईंचा त्रास खोटा कोण म्हणेल? स्नायू दुखणं हा या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे. पण त्यावर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब ही स्टॅटिन नसलेली गोळीही आहे. २०१५ मध्ये मर्यादा काढली ती खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची. तूप-लोण्यातल्या संपृक्त चरबीची १० टक्के कॅलरींची मर्यादा तशीच राहिली, आणि एलडीएल जास्त चढतं ते त्या चरबीने. गोळी सोडली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो. १९९४ ची स्कँडिनेव्हियातली चाचणी बघा: ४,४४४ रुग्ण, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी.

सक्करदरावाला
ते सगळे आधीच हृदयरोग असलेले लोक होते, ताई. महालकरांच्या बाबांना अटॅक आला आहे का? ज्याला काहीच झालं नाही त्याला तोच ३० टक्क्यांचा आकडा दाखवणं मला पटत नाही. त्याचा मुळातला धोकाच कमी, तर फायदाही तेवढाच लहान.

महालकर
अटॅक नाही. पण साखर आहे, नऊ वर्षांपासून. हे आधी लिहायला हवं होतं.

धंतोलीची ताई
मग बोलणंच बदललं. मधुमेहात तर बरेच डॉक्टर ७० च्या खाली मागतात, ९७ पण जास्तच झालं. लॅबच्या कागदावरचं "नॉर्मल" सगळ्यांना सारखं लागू नसतं.

गोकुळपेठी
मध्येच बोलतो. आमच्याकडे तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल नाही" वाचून घरचे निर्धास्त असतात. अहो, कोणत्याच वनस्पती तेलात ते नसतं! शेंगदाण्यात नाही, जवसात नाही. त्या दोन शब्दांच्या भरवशावर तर्रीवर दुप्पट तवंग सोडू नका.

सक्करदरावाला
साखर असेल तर गोळी घ्यावी, मानलं. पण पाय दुखतात म्हणणाऱ्या माणसाला "वय झालं" म्हणून वाटेला लावतात, त्यावर माझा राग कायम आहे. आईला तेच ऐकवलं होतं.

महालकर
बाबांचा शनिवारचा नंबर लावला. पाय दुखतात का, हे आज पहिल्यांदाच विचारलं. म्हणाले, "थोडे, सकाळी." दोन वर्षांत एकदाही बोलले नव्हते. आता डॉक्टरांना आधी तेच सांगणार आहे.