झटका मशीन आहे तरी रोही आत, वरून बकरी लांडग्यानं नेली

तुरीचं_वावर (दारव्हा तालुका):
चार एकर हरभऱ्याला दोन तारांचं झटका मशीन लावलंय. रोही (नीलगाय) तरी रात्री बिनधास्त आत. या आठवड्यात चरायला गेलेली एक बकरी पण गेली, गुराखी लांडगा सांगतो. तारा वाढवल्या तर दोन्हींचा बंदोबस्त होईल का?

काळी_माती:
भाऊ, दोन तारांत रोही थांबत नाही. जमिनीपासून 9 इंच (ही डुकरासाठी), दीड फूट, तीन फूट, साडेचार फूट, अशा चार घ्या. रोह्याचं नाक किंवा छाती तारेला लागली तरच झटका बसतो. पळत आला तर तार तोडूनच जातो, म्हणून मधे मधे पांढऱ्या पट्ट्या बांधा, तार दिसली पायजे.
पण आधी अर्थिंग पाहा. काळी जमीन वाळून भेगाळली की रॉड सैल होतो आणि मशीन नुसतं टिकटिक करतं. पाच फुटांचे तीन रॉड, दहा-दहा फुटांवर, एकाच तारेनं जोडलेले. उन्हाळ्यात बुडाशी पाणी टाकत जा. कुंपणाचा व्होल्ट मोजायचा टेस्टर तारेच्या शेवटच्या टोकाला लावा. 4000 व्होल्टच्या खाली असेल तर बहुतेक कुठंतरी तारेला गवत टेकलंय.
घरची लाइन तारेत सोडायचं मनातही आणू नका. माणूस मरतो.

कोठा_आणि_कळप:
लांडग्याचं वेगळं. चराईतल्या बकरीला वावराच्या तारेचा काय उपयोग? बीटगार्डला (वनरक्षकाला) 48 तासांत कळवा, पंचनामा होईपर्यंत धड हलवू नका. लांडग्यानं मारली तर भरपाई आहे: बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, जे कमी ते. मोकाट कुत्र्यांनी मारली तर काही नाही, आणि भांडण इथंच होतं. दोघांच्या ठशात नखं उमटतात, नुसत्या ठशावरून सांगणं कठीण. म्हणून ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, गळ्यावरच्या दातांच्या खुणांचे पण घ्या.
धडावर विष टाकायचा सल्ला कोणी देईलच. लांडगा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मधे आहे, थेट जेल.
कोठ्याला सहा फुटी जाळी. खालची एक फूट बाहेरच्या बाजूनं वाकवून वर दगड, नाहीतर उकरून आत येतो. पिल्लं आणि गाभण बकऱ्या चराईला पाठवू नका. दिवस बुडायच्या आत कळप नाल्याच्या झुडपांतून बाहेर.

तुरीचं_वावर:
अर्थिंगचा रॉड एकच आहे, तोही मोटारीच्या अर्थिंगला जोडलेला.

काळी_माती:
मग तारा नंतर. आधी मशीनची तार मोटारीच्या अर्थिंगपासून सोडवा (मोटारीचं अर्थिंग तसंच राहू द्या) आणि त्यापासून निदान 33 फूट दूर नवे तीन रॉड ठोका.