भटक्या मांजरांपायी केलेले उद्योग : आपापले अनुभव लिहा

ओसरी
काल रात्री कचरा टाकायला खाली उतरले तर भिंतीवर एक अनोळखी मांजर बसलेली. डाव्या कानाचं टोक नाही, वरून सरळ रेषेत कापलेलं. म्हणजे हिची नसबंदी झालीय. कुणीतरी हिच्यासाठीही रात्रभर पिंजरा लावून बसलं असणार असं मनात आलं आणि करडी आठवली.

करडी माझी पहिली. जिन्याखाली रोज संध्याकाळी खायला घालायचे, मोठं पुण्याचं काम चाललंय अशा थाटात. नसबंदी वगैरे डोक्यातच नव्हतं. मांजर ६३-६५ दिवसांत विते आणि आधीची पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, हे मला कळलं तेव्हा जिन्याखाली अकरा जण होते. त्यातले किती जगले ते विचारू नका.

शेजारच्या इमारतीतल्या एक काकू भटकी मांजरं पिंजऱ्यात धरून त्यांची नसबंदी करून आणायच्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती आहेत?" मी म्हटलं, सात-आठ असतील. "खायला घालतेस आणि मोजत नाहीस?" बस. दुसऱ्या दिवशी वही केली. रंग, नर-मादी, कुठला कान, कोण कधी दिसलं. ती वही अजून आहे.

करडी सहाव्या रात्री पिंजऱ्यात आली. दार खाडकन पडलं आणि आत जो काही धिंगाणा सुरू झाला! मी नुसती उभी. काकूंनी अंगावरची शाल काढून पिंजऱ्यावर टाकली आणि दोन मिनिटांत चिडीचूप. अंधार झाला की त्या शांत होतात हे मला माहीतच नव्हतं. चादर आणायची असते हेही नाही.

शस्त्रक्रियेनंतर जिथून धरली तिथेच सोडली. मागे वळूनही न बघता पळाली. तीन दिवस जेवायला नाही. चौथ्या दिवशी आली आणि माझ्याकडे पाठ करून जेवली. पुढे नऊ वर्षं तशीच जेवत होती.

लिहा तुमचेही.

निशाचर
काय टायमिंग आहे. आत्ता गाडीत बसून हे वाचतेय, समोर पिंजरा लावलाय. तिरंगी मादी, तीन आठवडे हुलकावण्या देतेय. आज सकाळपासून सगळ्यांचं खाणं बंद ठेवलंय, म्हणजे भुकेने तरी येईल. कळवत राहते.

घारेडोळे
पाठ करून जेवणं, हाहा. आमची पण सेम.

मुक्कामपोस्ट
मी ज्याला दोन महिने 'सरदार' म्हणत होतो त्याने माळ्यावर तीन पिल्लं घातली. एवढंच माझं योगदान.

टिवल्याबावल्या
@मुक्कामपोस्ट, रंग कोणता होता सरदारांचा? तिरंगी असेल तर जवळजवळ नक्की मादीच. भगवा रंग येणार की काळा हे एक्स गुणसूत्रावर ठरतं, दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका अगदी क्वचित. आणि भगवं मांजर दिसलं तर बोका असण्याची शक्यता जास्त.

मुक्कामपोस्ट
तिरंगीच होता. होती.

सांजवात
मी चांगलं केलं म्हणून नाही, चुकलं म्हणून लिहितोय.

गॅरेजमागे खोक्यात चार पिल्लं सापडली, डोळे मिटलेले, म्हणजे आठवड्याच्या आतली. आई दिसेना. मी तासभरसुद्धा थांबलो नाही, सगळी उचलून घरी. वाटलं, टाकून गेली. ती बिचारी खायला गेली असणार. त्या रात्री आणि पुढच्या रात्री गॅरेजमागून तिचा आवाज येत होता. मांजर पिल्लांना हाक मारते तो आवाज वेगळा असतो, घशातून खाली उतरणारा. मला तेव्हा तो ओळखता आला नाही. बायको म्हणाली, माज आला असेल.

पिल्लांचं सांगतो. दर दोन-तीन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. दूध मांजराच्या पिल्लांसाठी मिळतं तेच, गाईचं नाही. पाजताना पोटावर ठेवायचं, बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. आणि थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मगच दूध, कारण गार शरीराला ते पचत नाही. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून पुसायचं, त्याशिवाय शी-शू होत नाही, ते काम आई चाटून करते. हे सगळं मी पहिलं पिल्लू गेल्यानंतर शिकलो. चारातली दोन जगली.

नंतर एका अनुभवी बाईंनी सांगितलं की पिल्लांभोवती पिठाचं बारीक रिंगण करायचं आणि दूर जाऊन बसायचं. पीठ विस्कटलं, पाऊल उमटलं की आई येऊन गेली. इतकं सोपं.

ओसरी
सांजवात, _/\_. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी हे केलंय हो. मीही. बाकीचे कबूल करत नाहीत.

बडबडगीत
माझं थोडं अवांतर. कुंड्यांमध्ये मांजरं शी करतात त्यावर काही उपाय? प्रेम आहे पण कोथिंबीर पण आहे.

टिवल्याबावल्या
मातीवर मोठे गोटे पसरा, उकरायला जागा मिळाली नाही की सोडून देतात. आणि कुंड्यांत लिली असेल तर ती आधी काढा. मांजरांना भयानक विषारी, अंगावर पडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

बडबडगीत
बाप रे. आहे. काढते.

निशाचर
अपडेट : एक बोका आला, पिंजऱ्याभोवती फिरला, वास घेतला, टायरवर शू करून गेला. माझ्या टायरवर.

घारेडोळे
समीक्षा आली 😂

काठावरची
निशाचर, ती पाजती नाही ना? आत्ताच विचारते, कारण माझ्याकडून एकदा झालंय. धरली, दवाखान्यात गेल्यावर कळलं की दूध उतरलंय. पिल्लं कुठे आहेत कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी तिला सगळ्यांच्या आधी शस्त्रक्रियेला घेतलं आणि शुद्धीवर आल्यावर त्याच संध्याकाळी सोडायला सांगितलं. धावत पिल्लांकडे गेली, तेव्हा आम्हाला जागा कळली.

निशाचर
नाही गं, नीट बघितलंय. पिल्लं मोठी झालीत, दोन तर माझ्या पुढ्यातच खेळताहेत. त्यांचाही नंबर लागणार, किलोभर झाली की. मादी पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की माजावर येतं, म्हणजे फार वेळ नाहीये.

तिसरामजला
सर्वांना नमस्कार. मी 'त्या' बाजूचा माणूस. म्हणजे तक्रार करणारा. आमच्याकडे बैठकीत मीच म्हणालो होतो की सगळी उचलून लांब सोडून या. सोडलीही. चार-सहा महिन्यांत नवीन आली. खाणं आहे, आडोसा आहे, म्हणजे जागा रिकामी राहत नाही. आणि नवी आलेली सगळी नसबंदी न झालेली, रात्रभर रडारड, मारामाऱ्या. मग वरच्या मजल्यावरच्या मुलीने नसबंदीचं मनावर घेतलं. मी फक्त गाडी चालवतो. पिंजरा मागच्या सीटवर, खाली प्लास्टिक. प्लास्टिकचं महत्त्व पहिल्या फेरीत कळलं. आता ओरडणं बंद आहे, झोप लागते. मांजरं आवडतात असं अजूनही म्हणणार नाही.

ओसरी
हा या धाग्यावरचा सर्वात प्रामाणिक प्रतिसाद आहे 😀

घारेडोळे
काका, नावं ठेवलीत की नाही त्यांची?

तिसरामजला
एकाचं. योगायोगाने.

सावरी
मी हे काम सोडलं त्याला चार वर्षं झाली. पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, आठ दिवसांत सात गेली. सकाळी उड्या मारणारं पिल्लू संध्याकाळी पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेलं असायचं. तो विषाणू जागेत वर्षभरही टिकतो, साध्या साबणाने जात नाही, ब्लीच लागतं. मी त्या खोलीत वर्षभर एकही पिल्लू आणलं नाही. मग सवयच मोडली. पिल्लं घरात घेणाऱ्यांनी लस आणि वेगळी खोली, या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. बाकी वाचत राहीन.

काठावरची
सावरी, 💛

फावलावेळ
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. चावली तर हात साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. मोबाइलवर बघून १५, अंदाजे नाही. मग लगेच डॉक्टर आणि रेबीजची लस. मी "एवढंसं तर आहे" म्हणून झोपले, सकाळी मनगट दिसत नव्हतं इतकं सुजलेलं. दात बारीक असतात, घाण खोल जाते आणि वरून भोक मिटतं. आणि कृपा करून मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी पण नाही. त्याने मरतात. ओके, शिट्टी झाली.

बडबडगीत
किती शिट्ट्या?

फावलावेळ
तीन. तुम्ही लिली काढली का?

बडबडगीत
काढली. बहिणीला दिली. तिच्याकडे कुत्रा आहे.

निशाचर
खाडकन!!! धरलं!!! अंधारात कळत नाहीये, चादर टाकलीय, थांबा.

ओसरी
अरे वा! कान बघ आधी.

घारेडोळे
रंग सांग रंग

मुक्कामपोस्ट
सरदार?

निशाचर
बोका आहे. मगाचचाच, टायरवाला. डावा कान कापलेला. आत बसून सगळी मासळी खाऊन झालीय आणि आता चादरीखाली घुर्रर्र चाललंय. हा बहुतेक खाण्यासाठी ठरवून धरला जातो. तिरंगी बाई समोरच्या गाडीच्या टपावर बसून हे सगळं बघताहेत.

काठावरची
त्याला सोड आणि आज आवरतं घे. आता तिने दार पडताना बघितलंय, आठवडाभर आत जाणार नाही. पिंजऱ्याचं दार दोरीने उघडं बांधून ठेव आणि रोजचं खाणं आतच ठेव. पहिल्या दिवशी दाराशी, मग रोज वीतभर आत. पाच-सहा दिवसांनी दोरी काढ. तरी नाही जमलं तर वरून पडणारा पिंजरा मिळतो, काठीला टेकवून उभा करायचा आणि दोरी आपल्या हातात. म्हणजे टायरवाले आत आले तर ओढायचंच नाही.

निशाचर
हे तीन आठवड्यांपूर्वी का नाही भेटलात तुम्ही लोक. सोडला त्याला. गेला नाही, बॉनेटवर बसलाय. कसं निघू?

तिसरामजला
हॉर्न वाजवू नका, रात्र झालीय. दहा मिनिटं थांबा, उठतो तो. आमचा उठतो.