मदत हवी आहे: फायरप्लेसची भिंत, ६५ इंची टीव्ही आणि सजावट

सोनचाफा
नवीन घरात येऊन दीड महिना झाला. बाकी सगळं लागलं, पण हॉलची मुख्य भिंत अजून भकास आहे. भिंतीच्या मधोमध फायरप्लेस, त्यावर जाड लाकडी मँटल, म्हणजे फळी, आणि वर छतापर्यंत उघडी वीट. ६५ इंची टीव्ही खोक्यातच पडून आहे. तो मँटलच्या वर लावायचा आणि दोन्ही बाजूंना काहीतरी छान, ऊबदार वाटेल असं करायचं, एवढं ठरलंय. टीव्ही लावणारा माणूस शनिवारी येतोय, आणि आईबाबा दिवाळीसाठी दोन आठवड्यांत पोचतील, त्यामुळे वेळ अजिबात नाही.

प्रश्न: वीट पांढरी रंगवू का? बाजूंना काय लावू? आजीची पैठणी फ्रेम करून घेतली आहे, ती याच भिंतीवर हवी आहे. फोटो चढत नाहीयेत. कृपया लवकर सांगा.

काटकोन
भिंतीची रुंदी किती? छताची उंची? सोफा किती फुटांवर? फायरप्लेस वापरणार की नुसती शोभेला? कुठे राहता? एवढं कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवण्यासारखं होईल.

लिंबलोण
पांढरी रंगवाच. आम्ही रंगवली आणि खोली दुप्पट मोठी दिसायला लागली. दोन हात प्रायमर, दोन हात रंग, एका शनिवार-रविवारचं काम.

आजोळ
भिंत कोणत्या दिशेला आहे ते आधी बघ बाळा. अग्नीची जागा आग्नेयेला. आणि नवीन घरात देवघर कुठे केलंस? ते लिहिलंच नाहीस.

सोनचाफा
नेपरव्हिल, शिकागोजवळ. भिंत १४ फूट, छत ८ फूट. मधला विटांचा भाग ६ फूट रुंद. सोफा १० फुटांवर. मावशी, दिशा पाहिली नाही, घर बांधूनच मिळालंय. देवघर वर छोट्या खोलीत आहे. आणि फायरप्लेस वापरणारच, इथल्या थंडीत नाही तर कधी? आता रंगाचं सांगा ना कोणीतरी.

मिनेसोटाकर
रंग राहू दे. गॅसची आहे की लाकडाची?

सोनचाफा
गॅसची. बाजूला भिंतीत चावी आहे, ती फिरवून काडी लावली की पेटते.

वायरमन
गॅसची असेल तर काळजीचं कारण कमी. आमच्याकडे डायरेक्ट व्हेंट आहे, समोर बंद काच, ज्वलनाची हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेर टाकते. वर टीव्ही आहे, चार वर्षं काही झालं नाही. वायर मात्र नीट करा. टीव्हीची नेहमीची पॉवर कॉर्ड भिंतीच्या आतून नेणं इथल्या विद्युत नियमांत बसत नाही. भिंतीतून न्यायची असेल तर त्यासाठीचं वेगळं किट मिळतं. तुमच्याकडे तर उघडी वीट, म्हणजे वायर लपवायला जागाच नाही.

मिनेसोटाकर
वायरमन, त्यांची तुमच्यासारखीच आहे हे कशावरून? सोनचाफा, तीन गोष्टी बघून सांगा. समोर बंद काच आहे का? आत सिरॅमिकचे खोटे ओंडके आहेत की लोखंडी जाळी? आणि वर हात घातला तर धुराड्याची झडप, म्हणजे डँपर, लागते का?

सोनचाफा
काच नाही, ओढायचा जाळीचा पडदा आहे. आत लोखंडी जाळी आणि तिच्याखाली भोकं असलेली नळी. जाळीवर मागच्या मालकांनी ठेवलेली खरी लाकडं आहेत. झडप आहे, दांडा फिरतो पण जड आहे.

मिनेसोटाकर
मग ही गॅसची फायरप्लेस नाही. लाकडाचीच आहे. ती नळी म्हणजे लाकूड पेटवायची सोय, लाकडाने पेट घेतला की गॅस बंद करायचा असतो. यामुळे सगळंच बदलतं. तोंड उघडं, म्हणजे गरम हवा थेट वर चढून मँटलला वळसा घालून विटेवर जाणार. बहुतेक टीव्हींच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सियस, म्हणजे १०४ फॅरनहाइट, दिलेली असते. तुमच्या टीव्हीचं पत्रक खोक्यातच असेल, वाचा.

रानवारा
मला मुळात प्रश्न पडतो की विस्तव आणि टीव्ही एका भिंतीवर हवेतच कशाला? माझ्या लहानपणी गावाला शेकोटीभोवती बसलो की माणसं बोलायची. टीव्हीऐवजी प्रोजेक्टर घ्या, हवा तेव्हा पडदा खाली.

काटकोन
रानवारा, टीव्ही घेऊन झालाय.

सोनचाफा, उष्णता बाजूला ठेवली तरी गणित जमत नाही. मँटल जमिनीपासून किती उंच?

सोनचाफा
वरची कड ५४ इंच.

काटकोन
६५ इंची टीव्ही साधारण ५७ इंच रुंद आणि ३३ इंच उंच असतो. मँटलपासून ४ इंच सोडले तर पडद्याचा मध्य जमिनीपासून ७४-७५ इंचांवर जातो. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर ४२ इंचांच्या आसपास. म्हणजे अडीच फूट वर बघत बसायचं. तुमचे बाबा जेवणानंतर तासभर बातम्या बघत असतील तर दुसऱ्या दिवशी मान धरून उठतील. पुण्यात मी फायरप्लेस करत नाही, पण टीव्ही युनिटं रोज करते, आणि उंच लावलेला टीव्ही खाली घ्यायला लोक परत बोलावतात.

वायरमन
त्यासाठी खाली ओढता येणारे ब्रॅकेट मिळतात. बघताना टीव्ही मँटलच्या पुढे खाली घ्यायचा, मग परत वर.

मिनेसोटाकर
आणि खाली विस्तव चालू असताना? तो ब्रॅकेट टीव्हीला बरोबर गरम हवेच्या झोतात आणून ठेवेल. बंद काचेच्या फायरप्लेसला कदाचित चालेल, इथे नाही. शिवाय ६५ इंचीचं वजन पुढे काढलेल्या दांड्यावर. या विटेच्या मागे धुराडं आहे, लांब बोल्ट ठोकून चालणार नाही.

वायरमन
विटेत बोल्ट बसतो, मी स्वतः बसवलाय. सांध्यातल्या मॉर्टरमध्ये नाही, विटेत भोक पाडायचं.

मिनेसोटाकर
बसतो हे मान्य. मागे किती जाडी आहे हे माहीत नसताना बसवू नये, इतकंच म्हणतोय.

लिंबलोण
माझी वीट रंगवायची कल्पना कोणी वाचली का?

काटकोन
वाचली, आणि मला ती पटत नाही. साधा प्लास्टिक इमल्शनसारखा रंग विटेची छिद्रं बुजवतो, आणि नंतर तो पूर्ण काढणं जवळपास अशक्य. वीट उजळ हवी असेल तर पातळ चुन्याचा हात द्यावा. आपल्याकडे घराला चुना काढायचे तसाच, फक्त पातळ. विटेचा पोत दिसत राहतो. आधी तोंडाजवळची काजळी घासून काढायची, नाहीतर काळे डाग वर येतात. आणि फायरप्लेसच्या आतल्या भागाला नेहमीचा रंग अजिबात लावायचा नाही.

लिंबलोण
आमच्याकडे सहा वर्षं झाली, एक पापुद्रा निघालेला नाही. चुन्याला हात लागला की पांढरं होतं.

काटकोन
नीट मुरलेल्या चुन्याचं होत नाही.

पिंपळपान
मी पण शिकागोच्या उपनगरातली. मँटलला झेंडूचं तोरण लावणार असशील तर आधी विचार कर. आम्ही पहिल्या दिवाळीला लावलं होतं, खाली विस्तव होता, दोन तासांत फुलं सुकून कुरकुरीत. एक माळ जाळीपर्यंत लोंबत होती, नशिबाने वेळेवर दिसली. फुलं हवी असतील तर शिकागोत डेव्हॉनला जा, भारतीय दुकानांचा रस्ता. आंब्याची पानंही विचार, कधी असतात.

आजोळ
डेव्हॉन म्हणजे तेच ना, जिथे पटेल ब्रदर्सचं पहिलं किराणा दुकान? मुलीकडे आले होते तेव्हा गेले होते. तिथे खारी अगदी आपल्यासारखी मिळाली.

पिंपळपान
हो मावशी, तेच. १९७४ साली सुरू झालं. आता आजूबाजूला पुष्कळ दुकानं आहेत.

सोनचाफा
खारी नको, भिंत हवी आहे! सगळ्यांचं वाचतेय. टीव्हीचं पत्रक काढलं, ४० अंशच लिहिलंय. म्हणून काल रात्री स्वतःच प्रयोग केला. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मँटलच्या ८ इंच वर विटेला चिकटवला आणि दोन तास लाकडं जाळली. काटा ११२ फॅरनहाइटवर गेला. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं खोलीत थोडा धूर आला, मग गेला. म्हणजे वर टीव्ही नाही. पटलं. मग बाजूला लावू का?

मिनेसोटाकर
थांबा. धूर खोलीत आला? घर घेताना धुराडं तपासून घेतलं होतं का? साधी घराची तपासणी नव्हे, धुराडं साफ करणाऱ्या माणसाकडून, आत कॅमेरा सोडून. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए २११ या मानकात दरवर्षी तपासणी सांगितली आहे, आणि घराची मालकी बदलली की त्याहून सखोल तपासणी. धूर नुसतं थंड धुराडं असल्यामुळेही येतो, पण जड झडप आणि धूर दोन्ही एकत्र असतील तर मी परत पेटवणार नाही. आधी तपासायला बोलावा, आणि तोवर एकही लाकूड जाळू नका. थर्मामीटरचा प्रयोग मीच सुचवणार होतो, पण तपासणीनंतर.

झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या विषारी वायूचा, अलार्म आहे ना? इलिनॉयमध्ये झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत तो असणं २००७ पासून कायद्याने सक्तीचं आहे. बटण दाबून वाजतो का बघा, आजच.

सोनचाफा
तपासणी नाही झाली. आम्हाला वाटलं गॅस आहे म्हणजे धुराड्याचा प्रश्नच नाही. वरच्या मजल्यावरचा अलार्म वाजला, खालचा नाही वाजला. बॅटरी बदलली. गुरुवारी माणूस येतोय. टीव्हीवाल्याला पुढे ढकललं.

काटकोन
हे उत्तम केलंत.

आता टीव्ही. १४ फुटांतून मधले ६ गेले, दोन्ही बाजूंना ४-४ फूट, म्हणजे ४८ इंच. ५७ इंच रुंद टीव्ही तिथे बसत नाही.

वायरमन
बदलून ५० इंची घ्या. ४४ इंच रुंद असतो, बरोबर मावेल.

काटकोन
आणि १० फुटांवरून ५० इंची? लहान वाटेल. शिवाय एका बाजूला काळा चौकोन आणि दुसरीकडे काहीच नाही, भिंत एका अंगाने कलल्यासारखी दिसेल. सोनचाफा, याच भिंतीला काटकोनात असलेल्या भिंतीवर काय आहे?

सोनचाफा
काहीच नाही. ११ फूट आहे, मोकळी. खिडकी समोरच्या बाजूला. तिचा विचारच केला नाही कारण ती "मुख्य" भिंत नाही. सोफा एल आकाराचा आहे, हे सांगायचं राहिलं का?

काटकोन
राहिलं! एल आकाराचा सोफा असेल तर सोफ्याची एक बाजू फायरप्लेसकडे तोंड करून, दुसरी टीव्हीकडे. टीव्ही त्या ११ फुटी भिंतीवर, खाली २० इंच उंचीचं लांब बैठं कपाट, पडद्याचा मध्य ४२ इंचांवर. दिवे २७०० केल्विनचे घ्या, पिवळट. पांढऱ्या दिव्यात वीट कितीही चांगली असली तरी हॉटेलच्या पायऱ्यांसारखी दिसते.

फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना बैठी फडताळं, २८-३० इंच उंच. फार काही रचू नका. आणि मँटलच्या वर उष्णतेला न घाबरणारी एकच मोठी वस्तू. घरात तांब्याची परात आहे का?

पिंपळपान
पैठणी फायरप्लेसच्या वर लावू नकोस गं. रेशीम आहे. उष्णता, काजळी आणि ऊन, तिन्ही वाईट. माझ्या सासूबाईंची नऊवारी खिडकीसमोर लावली होती, तीन वर्षांत काठाजवळचा जांभळा रंग उडाला. फ्रेमची काच अतिनील किरणं अडवणारी आहे का, मागचा कागद आम्लरहित आहे का, हे फ्रेमवाल्याला विचार. आणि रेशीम थेट काचेला टेकलेलं नको.

सोनचाफा
आईला फोन केला. परात आहे, आजीचीच, ती विमानात आणतेय. पैठणी काचेला टेकलीय, परत फ्रेमवाल्याकडे दिली.

रानवारा
परात वर टांगायची असेल तर चांगल्या जाड हुकाला टांगा, तांबं जड असतं.

सोनचाफा
धुराडंवाला येऊन गेला. झडप गंजून अर्धवट उघडत होती, आणि धुराड्याच्या आतल्या मातीच्या नळीला एका जागी तडा आहे. दुरुस्ती होईपर्यंत विस्तव नाही, असं लेखी दिलंय. दुरुस्ती नोव्हेंबरच्या शेवटी. त्या रात्री दोन तास आम्ही चौघंही तिथे बसलो होतो, मुलं खाली गालिच्यावर झोपली होती. आठवलं की अजून पोटात गोळा येतो. मिनेसोटाकर, मनापासून आभार.

टीव्ही बाजूच्या भिंतीवर लागला. वीट आहे तशीच ठेवतेय, दिव्यात ती तांबूस दिसते आणि आता मला आवडायला लागलीय. दिवाळीत फायरप्लेसमध्ये पणत्या ठेवायचा विचार आहे.

मिनेसोटाकर
पणत्यांआधी गॅस. भिंतीतली चावी काढून ठेवा, आणि प्लंबरकडून त्या गॅसच्या नळीचा पुरवठा मागून बंद करून घ्या. जाळीवरची लाकडं बाहेर काढा. मग खुशाल ठेवा.

आजोळ
आणि पणत्या विषम संख्येत ठेव. झेंडूची फुलं जमिनीवर, खाली ताटात. आईबाबा पोचले की परातीचा फोटो टाक, मला बघायचीय.

लिंबलोण
फोटो चढत नसेल तर आकार लहान करून बघ, २ एमबीच्या वर घेत नाही बहुतेक.

सोनचाफा
चढला! परात अजून यायची आहे, म्हणून मँटल रिकामा दिसतोय. डावीकडच्या फडताळात काय ठेवू ते मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.