रायडिंग मोवर: चोक काढला की इंजिन वर-खाली होतं, ब्लेड लावलं की बंद पडतं

अंगणवेल (ओहायो)
४२ इंची डेकचा रायडिंग मोवर आहे. एक सिलिंडर, १७.५ हॉर्सपॉवर, ओव्हरहेड व्हॉल्व्ह. हिवाळाभर गॅरेजमध्ये उभा होता आणि टाकीत १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तसंच राहिलं होतं. ते उपसून ताजं भरलंय, प्लग आणि एअर फिल्टर नवे घातलेत.

चोकवर लगेच सुरू होतो. चोक काढला की दर दोन-तीन सेकंदांनी आवाज चढतो-उतरतो. ब्लेड लावलं की इंजिन दबत दबत बंद पडतं. शिवाय स्टार्टर अर्धा फेरा मारून एका जागी अडतो, पुन्हा चावी फिरवली की सुटतो. नवा कार्ब्युरेटर मागवावा का?

चौदाचा_पाना
एवढ्यात मागवू नका, ताई. चढ-उतार आणि स्टार्टर अडणं हे बहुतेक दोन वेगळे दोष आहेत. मी पहिल्याबद्दल लिहितो.

ही इंधन कमी पडल्याची खूण आहे. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की आरपीएम (मिनिटाला फेरे) पडतो, वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, इंजिन उसळतं, गव्हर्नर पुन्हा मिटवतो. म्हणून गव्हर्नरच्या स्प्रिंगा वाकवायला जाऊ नका. तो त्याचं काम बरोबर करतोय. शिवाय तिथे छेडछाड झाली तर आरपीएम मर्यादेबाहेर जातो. अमेरिकी सुरक्षा मानकात ब्लेडच्या टोकाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, आणि कारखान्यातलं गव्हर्नर सेटिंग ती धरूनच केलेलं असतं.

आधी चोक अर्धा ठेवून बघा. इंजिन स्थिर झालं तर मिश्रण पातळ आहे हे नक्की. मग टाकीचं झाकण सैल करून चालवा. तेवढ्याने सुधारलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, काम तिथेच संपलं.

त्यानंतर कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा सोलेनॉइड, म्हणजे चावी बंद केली की पेट्रोल अडवणारी विजेची झडप. इंजिन बंद असताना चावी 'रन'वर न्या, खालून स्पष्ट 'टक' ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर त्याच्या वायरवर मल्टिमीटरने १२ व्होल्ट येतात का बघा. 'टक' आलं तरी खात्री धरू नका. जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने त्याची दांडी अर्धवटच खाली येते आणि मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाचं, तोंड अर्धं झाकलेलं राहतं. तुमच्यासारखं बिनलोडाचं चालून लोडवर मरणं त्यामुळेही होतं. काही जण दांडी कापून टाकतात. तसं केलं तर चावी बंद केल्यावरही पेट्रोल ओढलं जातं आणि सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात.

वाटी उघडायची तर इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेट्रोलची नळी चिमट्याने दाबून बंद करा, खाली भांडं ठेवा. सोलेनॉइड हाच वाटीचा बोल्ट असतो. वाटीत पांढरट-हिरवट थर किंवा पाण्याचे थेंब दिसले तर इथेनॉलने ओढलेलं पाणी वेगळं होऊन तळाशी बसलंय. मेन जेट काढा, इमल्शन ट्यूबची (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या नळीची) बाजूची बारीक भोकं उजेडाकडे धरून एकेक तपासा. साफ करायला वायरमधला तांब्याचा एकच धागा आणि कार्ब क्लीनर, त्यावर हवेचा झोत. डोळ्यांवर चष्मा हवाच. टाचणी किंवा ड्रिल घालू नका. जेट किंचित जरी मोठा झाला तरी इंजिन कायमचं काळा धूर ओकत राहतं.

टॅपेट_सेटिंग
स्टार्टर अडण्याबद्दल मी सांगतो.

डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल तर इंजिन चालवू नका. वाटी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल गळतेय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. तेच पेट्रोल सिलिंडरमध्ये साचलं तर पिस्टन वर जाऊ शकत नाही आणि स्टार्टर असाच थांबतो. मग नीडल आणि ऑइल दोन्ही बदलायचं.

ऑइल ठीक असेल तर बॅटरी. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. पोलवरची आणि चासीला जोडलेली अर्थची वायर खरवडून घट्ट करा.

बॅटरी चांगली निघाली तर टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) वाढलाय असं धरा. या इंजिनांत सुरू करताना कॅमशाफ्टवरचा छोटा उंचवटा एक व्हॉल्व्ह किंचित उचलून कॉम्प्रेशन सोडतो. गॅप वाढला की ती उचल गॅपमध्येच जिरते आणि स्टार्टरला पूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावं लागतं. नवा स्टार्टर घालून हे सुटत नाही.

इंजिन गार असताना प्लग काढा, व्हॉल्व्ह कव्हर उघडा. फ्लायव्हील वरून बघताना घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवा. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन माथ्याला आला की तिथे थांबू नका, आणखी फिरवून पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिमी, खाली उतरू द्या. माथ्यावर मोजलं तर तो उंचवटा व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो आणि माप खोटं येतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

इंजिन ब्रिग्ज कंपनीचं ३१ ने सुरू होणाऱ्या मॉडेलचं असेल तर इनटेक ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्ट ०.००५ ते ०.००७ इंच. दुसरं असेल तर त्याच्या मॅन्युअलमधला आकडा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित ओढ लागून सरकलं पाहिजे. रॉकरवरचा नट धरून मधला लॉक स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना गॅप हलतोच. दोन पूर्ण फेरे फिरवून शेवटचं माप घ्या.

हिरवळ_न्यूजर्सी
ब्लेड लावताच बंद पडतं म्हणता, तर सीटखालचा स्विचही बघा. आणि ब्लेड कशावर आपटलं असेल तर फ्लायव्हीलची चावी (त्याला क्रँकवर जागेवर धरणारी छोटी पट्टी) कापली गेली असेल का?

चौदाचा_पाना
स्विचमुळे इंजिन एका क्षणात मरतं, दिवा मालवल्यासारखं. ताईंचं दबत दबत बसतंय, म्हणजे इंधन. तरी स्विचचा प्लग नीट बसलाय का हे बघायला हरकत नाही. फक्त तो जोडून बायपास करून ठेवू नका, माणूस सीटवरून पडला तर ब्लेड थांबवणारा तोच आहे.

फ्लायव्हीलची चावी हा ढकलायच्या मोवरचा नेहमीचा आजार. तिथे ब्लेड थेट क्रँकवर असतं. रायडिंगमध्ये मध्ये बेल्ट आहे, दणका बसला तर तो घसरतो. त्यामुळे ती शंका शेवटी.

अंगणवेल (ओहायो)
अर्ध्या चोकवर इंजिन एकदम स्थिर झालं. झाकण सैल करून फरक नाही. सोलेनॉइड 'टक' करतो. ऑइलला वास नाही, बॅटरी १२.७. मोवरला पेट्रोलचा पंपही आहे, इंजिनावरच्या एका नळीला जोडलेला. तोही तपासू का?

चौदाचा_पाना
हो, वाटी उघडायच्या आधीच. पण एकटीने करू नका. आधी प्लगची टोपी काढून अर्थ करा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने पण नेमाने आलं पाहिजे. क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर तो पंप चालतो, त्यामुळे ती बारीक नळी चिरली असेल तरी धार मंदावते. दाबाच्या नळीत पेट्रोल सापडलं तर पंपाचा पडदा फाटलाय, पंप बदला. धार चांगली असेल तर वाटी आणि सोलेनॉइड. वाटी साफ करूनही चढ-उतार राहिला तरच कार्ब्युरेटर पूर्ण उतरवा. स्प्रिंगा आणि लिंकेज काढण्याआधी फोटो घ्या, कुठली कोणत्या भोकात होती ते नंतर आठवत नाही.

टॅपेट_सेटिंग
बॅटरी १२.७ म्हणजे टॅपेट बघाच. कार्ब्युरेटर उतरवला तर मॅनिफोल्डकडचं पॅकिंग नवं घाला. जुनं पुन्हा बसवलं तर तिथून हवा ओढली जाते आणि हाच चढ-उतार परत येतो. पॅकिंग आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट मागवताना इंजिनावर ठोकलेले मॉडेल, टाइप आणि कोड हे तिन्ही नंबर द्या. नुसत्या हॉर्सपॉवरवर मागवलेलं बसेलच असं नाही.