खानदेशावरून हवाई भूभौतिक सर्वेक्षण व्हावे का?

अमळनेरकर (धागाकर्ता)
२०२३ साली खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन २९ महत्त्वाच्या आणि खोलवरच्या खनिजांसाठी स्वतंत्र शोध परवाना आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने खनिजसंभाव्य प्रदेशांवर साधारण ८० मीटर उंचीवरून, ३०० मीटर अंतराच्या समांतर रेषांत विमाने उडवून खडकांच्या चुंबकत्वाचे आणि गॅमा किरणांचे जे मोजमाप हाती घेतले, तसेच धुळे, नंदुरबार आणि जळगाववरही व्हावे, असे माझे मत आहे. ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅम येथील तांबे-युरेनियमचा साठा ३०० मीटरहून अधिक वांझ, म्हणजे खनिज नसलेल्या, खडकाखाली होता. गुरुत्व आणि चुंबकीय विसंगतींच्या आधारे १९७५ साली तेथे छिद्र घेतले, तेव्हा तो सापडला. सायबेरियातील नोरिल्स्कचे निकेल आणि तांबे तर आपल्यासारख्याच लाव्हाच्या प्रदेशातील आहे.

भूशास्त्राचा शिक्षक, धुळे
नोरिल्स्कचा दाखला येथे जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे वर येणाऱ्या शिलारसाला गंधकयुक्त गाळाचे खडक भेटले आणि त्यामुळे धातूंची सल्फाइडे (गंधकाशी झालेली संयुगे) वेगळी होऊन साचली. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तसा साठा अद्याप कोणाला सापडलेला नाही. शिवाय बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते आणि प्रत्येक थर निवताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा, काही ठिकाणी आजच्या नेमकी उलट, पकडून बसतो. त्यातच नंदुरबार-धुळे पट्ट्यातील डाइकांचे, म्हणजे भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या भिंतींचे, जाळे! विमानातील चुंबकमापक हे सारे ठळक दाखवील आणि खालच्या खडकाचा क्षीण संकेत त्यात बुडून जाईल. गॅमा किरणांचे मोजमाप जेमतेम वरच्या अर्ध्या मीटरचे, म्हणजे आपल्या काळ्या मातीचेच असते. विद्युतचुंबकीय पद्धतीची (जमिनीत प्रवाह उमटवून मोजण्याची) पोच काहीशे मीटरची, आणि बेसाल्ट त्याहून जाड असू शकतो. किल्लारीला बेसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली, पण कोयनेला ९०० मीटरहून अधिक खोल गेल्यावर ग्रॅनाइट लागला.

अमळनेरकर
आपला आक्षेप चुंबकीय मोजमापापुरता मान्य आहे. परंतु गुरुत्वातील बारीक फरक मोजणारी साधने घनतेकडे पाहतात, आणि बेसाल्टखाली हलक्या गाळाच्या खडकांची खोरी असतील तर त्यांचा अंदाज त्यातून येऊ शकतो. विमान खनिज दाखवत नाही हे खरेच आहे. पहिले छिद्र कोठे घ्यावे, एवढेच ते सुचवते.

केळीबागायतदार, रावेर
निकेलचे पुढे पाहता येईल, आमची विवंचना पाण्याची आहे. रावेर, यावल आणि चोपड्यात कूपनलिका खोल खोल जात आहेत. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मोठ्या वेटोळ्यातील प्रवाह एकदम तोडला की जमिनीत क्षणभर प्रवाह उमटतात. चिकणमातीत ते रेंगाळतात, गोड्या पाण्याच्या वाळूत लवकर विरतात, आणि त्यावरून थरांचा नकाशा मांडता येतो. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने अशा मोजमापाचे प्रयोग केले, त्यांत नागपूरजवळचे एक पाणलोट क्षेत्रही होते. सातपुड्याच्या पायथ्याचा गोटे-वाळूचा बझाडा पट्टा नेमका कोठवर जातो हे कळले, तर पुराचे पाणी कोठे जिरवावे हे ठरवता येईल. खर्च करायचाच असेल तर आधी तो तापीच्या गाळावर व्हावा.

अक्राणीचा रहिवासी, नंदुरबार
आकाशातून केलेल्या मोजमापासाठी कोणाच्याही शेतात पाय ठेवावा लागत नाही, आणि माझी हरकत नेमकी तेथेच आहे. पेसा कायद्यानुसार (आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस लागते. निकेल किंवा तांबे गौण खनिजांत मोडत नाही. नकाशा आधी तयार होईल, खाणींचे गट लिलावात निघतील आणि गावाला पत्ता लागेल तो यंत्र दारात आल्यावर. उड्डाणापूर्वी ग्रामसभेत माहिती द्यावी आणि मोजमापाची विदा (माहितीसाठा) गावालाही खुली असावी, एवढी अट घालण्यास कोणाची हरकत आहे काय?

भूशास्त्राचा शिक्षक, धुळे
या अटीस माझा पूर्ण पाठिंबा आहे. रावेरकरांचा मुद्दाही मला खनिजांहून अधिक पटतो, कारण तापीचा गाळ या पद्धतीच्या पोचेत बऱ्याच अंशी येतो. मात्र भुसावळचे विद्युतीकृत लोहमार्ग आणि दीपनगर वीजकेंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या यांच्या जवळची मोजमापे गोंगाटामुळे बरीचशी टाकून द्यावी लागतील. आणि मोजमापाचा अर्थ लावायचा तर आधीच खोदलेल्या कूपनलिकांतून कितव्या मीटरला कोणता थर लागला, याच्या नोंदी एकत्र कराव्या लागतील. ते काम हेलिकॉप्टरची वाट न पाहता उद्याही सुरू करता येईल.