संकष्टीला सकाळी शुगर ६४, दुपारी २४१. गोळी बंद ठेवायची का?

सायली_प
आई, वय ६२, टाइप टू डायबेटिस, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.४. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक. कालच्या संकष्टीचा हिशेब असा:

८:०० गोळी आणि चहा
११:१५ घाम, हात थरथरणं, शुगर ६४. पाण्यातून दोन चमचे साखर दिली
११:५५ ७१
१२:३० बशीभर साबुदाण्याची खिचडी
२:३० १७८
४:३० २४१

उपवासाच्या दिवशी गोळी द्यायचीच नाही का? आणि खाऊन चार तास झाले तरी आकडा उतरायच्या ऐवजी चढला कसा? उपवास सोडायला त्या तयार नाहीत, तेव्हा तो सल्ला नको.

चाफा
आधी गोळीचं. या गोळीतली दोन औषधं दोन तऱ्हेची आहेत. मेटफॉर्मिन एकट्याने शुगर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही, फार तर रिकाम्या पोटी मळमळ, जुलाब. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. आठला गोळी आणि सव्वाअकरापर्यंत पोटात नुसता चहा, म्हणजे ६४ येणारच होते.

पण गोळी सबंध दिवस बंद ठेवली तर चंद्रोदयानंतरच्या मोदकांना आवर घालायला काहीच उरत नाही. डॉक्टरांना चतुर्थीच्या आठवडाभर आधी नेमकं हे विचारा: सकाळचं ग्लिमेपिराइड वगळायचं की निम्मं करायचं? सकाळी नुसतं मेटफॉर्मिन फराळासोबत चालेल का? एकत्र गोळीत एकच औषध कमी करता येत नाही, आणि हळूहळू विरघळणारी गोळी मोडायचीही नसते. त्यामुळे बहुधा तेवढ्या दिवसापुरत्या सुट्या गोळ्या लिहून घ्याव्या लागतील. रोजे ठेवणाऱ्या रुग्णांसाठीही डॉक्टर हेच करतात: मुख्य जेवण ज्या वेळी, त्या वेळेला औषध जुळवून देतात.

एक चूक हमखास होते. सकाळची राहिली म्हणून रात्री दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या जातात. ते नको. जेवण साडेनऊला, आणि शुगर उतरणार पहाटे, सगळे झोपेत असताना. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर हा धोका आणखी मोठा.

मापात_पाप
चार तासांनी चढलेल्या आकड्याचं उत्तर त्या बशीत आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं आणि तंतू नावापुरते. बशीभर खिचडीला कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम धरला तरी ५२ ग्रॅम, वर मध्यम बटाट्याचे १७-१८. झाले ७०, म्हणजे चार फुलके, तेही भाजी-वरणाशिवाय. तूप आणि दाण्याच्या कुटामुळे पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून साखरेचा लोंढा उशिरा येतो. दोन तासांचं रीडिंग इथे फसवतं. खिचडीनंतर साडेतीन-चार तासांनीही एकदा मोजा.

उपाय पहिला: बारापर्यंत थांबायचंच नाही. आठ-साडेआठला अर्धा कप दूध, मूठभर भाजलेले दाणे आणि एक पेरू, हे उपवासाला चालतं. दुपारी भगर, पण तीही कोरडी ३० ग्रॅम मोजून (साधारण २० ग्रॅम कर्बोदकं), सोबत वाटीभर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचं ताक. किंवा राजगिऱ्याच्या पिठात किसलेली काकडी किंवा लाल भोपळा घालून एक थालीपीठ. खिचडीच हवी असेल तर साबुदाणा २५ ग्रॅम, बटाटा बंद, त्याजागी काकडी आणि कूट.

राजगिऱ्याच्या लाह्या मात्र निरुपद्रवी नाहीत. फुलवल्यावर त्यातला स्टार्च झटकन पचतो, आणि लाडू-चिक्कीत गूळ असतोच. (भगरीचं पीठ पावसाळ्यात दळून साठवू नका, बुरशी धरतं. लागेल तेवढंच दळा.)

पाटावरवंटा
मला खटकतंय ते ११:५५ चं रीडिंग. साखर देऊन चाळीस मिनिटांत फक्त सातने वाढ? एक तर साखर कमी पडली, दोन चमचे म्हणजे जेमतेम ८-१० ग्रॅम, लागते १५. दुसरी शंका: गोळीत तिसरं औषध आहे का? पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचा.

सायली_प
पाहिलं. ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, व्होग्लिबोज ०.२. हे तिसरं आम्ही धरलंच नव्हतं.

पाटावरवंटा
तेच असणार. व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडणाऱ्या विकरांना अडवतं. घरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, ती फुटली नाही तर रक्तात जाणार कशी? म्हणून या गोळीवर असलेल्या माणसाला हायपो झाला, म्हणजे शुगर धोक्याइतकी उतरली, की साखर, गूळ, पेढा यांचा भरवसा नाही. साधी ग्लुकोज पावडर हवी, तिला फोडावं लागत नाही.

७० च्या खाली: चार सपाट चहाचे चमचे ग्लुकोज अर्ध्या पेल्या पाण्यात, लगेच. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर खरं खाणं द्या, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकतो आणि शुगर परत घसरू शकते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

मोजण्यापूर्वी बोटं साबणाने धुऊन कोरडी करा. केळं किंवा संत्रं सोललेल्या हाताने घेतलेलं रीडिंग खोटं चढतं, आणि खरा हायपो त्याआड लपतो.

पावडरचा डबा देवघराशेजारी ठेवा, आणि उपवासाला ग्लुकोज चालतं का हा वाद आईंशी आजच घालून ठेवा, घाम फुटल्यावर नको.

चाफा
व्होग्लिबोज जेवणाच्या पहिल्या घासाआधी घ्यायचं असतं, नुसत्या चहावर त्याचा काही उपयोग नाही. डॉक्टरांकडे जाताना पाकीट आणि वरचा तक्ता दोन्ही न्या.

सायली_प
शनिवारची वेळ घेतली. ग्लुकोज आणलं. चालतं म्हणाल्या, फक्त डबा उपवासाच्या कपाटात ठेवायचा.